पाचचा फोन

४ ऑगस्ट

एकोणीस वर्षं मी गॅस कंपनीच्या तक्रार खात्यात फोनवर बसले. मार्चमध्ये कंपनीनं माझ्या खुर्चीवर यंत्र बसवलं. खरं तर खुर्चीही काढली, यंत्राला खुर्ची लागत नाही. आता ज्या विद्येनं माझं काम खाल्लं तीच शिकायला मी चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं आहे. डिझाइन थिंकिंग आणि डिजिटल नवकल्पना, एक वर्षाचा अभ्यासक्रम. नवऱ्यानं विचारलं, “म्हणजे नेमकं काय गं?” म्हटलं, “मला कळलं की तुलाही सांगते.”

वर्गात बाकं नाहीत, चाकांची टेबलं आहेत. भिंतींवर लिहायचं, खिडक्यांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या. शिकवणाऱ्या मॅडम चणीनं लहान, पण नजर मुख्याध्यापिकेची. “मला वाटतं” असं कुणी म्हटलं की त्या हात वर करून थांबवतात. “तुम्हाला काय वाटतं त्याच्याशी मला कर्तव्य नाही. वापरणाऱ्याला विचारलंत का?” आज मला तीनदा थांबवलं.

११ ऑगस्ट

गट पडले. माझ्या गटात दोघं. एक मुलगी, तेवीसची, गळ्यात कायम चार्जरची वायर. प्रोग्राम तीच लिहिते आणि एका वेळी एकच वाक्य बोलते. सगळे तिला वायरच म्हणतात. दुसरा आधी शाळेत चित्रकलेचा मास्तर होता, बोटं अजून पांढरी, म्हणून खडू. मी ताई. दोघांपेक्षाही मी वयानं मोठी.

विषय ठरला: एकटी राहणारी म्हातारी माणसं. खडू दोन दिवस बागेत बसून मुलाखतीला म्हातारे शोधत होता, आणि घरी याचे स्वतःचे आजोबा! “काखेत कळसा नि गावाला वळसा,” मी म्हटलं. सगळा वर्ग हसला. मॅडमसुद्धा.

मग खडूनं विचारलं, “ताई, तुमच्याकडे आहे का कुणी?”

“आई आहे, पण लांब असते. आणि तिला कशाची गरज नाही. एकतीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळलेली नर्स आहे ती. डॉक्टर तिला घाबरायचे.”

१९ ऑगस्ट

घड्याळवाले काका. शहात्तर वर्षांचे, विद्यापीठामागच्या गल्लीत तळमजल्यावर राहतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, भिंतीवर अजून अकरा टांगलेली, सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी. “खरी वेळ कुठली?” मी विचारलं. “ज्याचं त्यानं ठरवावं,” म्हणाले. काकू जाऊन सहा वर्षं झाली. दिवसभरात कुणाशी बोलता, असं विचारल्यावर बराच वेळ आठवत बसले. शेवटी म्हणाले, “परवा दूधवाल्याशी बोललो.”

म्हाताऱ्यांना नवी वस्तू नको असते. फोन मात्र वाजला की सगळे उचलतात. तेव्हा आमची कल्पना ही: रोज ठरल्या वेळी फोन वाजेल आणि पलीकडून कुणीतरी ख्यालीखुशाली विचारेल. तो कुणीतरी म्हणजे यंत्र. ‘सोबत’ असं नाव खडूनं काढलं.

आपलं काम खाणाऱ्याला आपणच खुर्ची द्यायची! पण कल्पना चांगली आहे, हे नाकारून कसं चालेल.

२ सप्टेंबर

पडदा चाचणी. यंत्र बनवायच्या आधी ते बनलं आहे असं सोंग करायचं. वापरणाऱ्याला सांगायचं की पलीकडे यंत्र आहे, आणि पलीकडच्या खोलीत माणूस बसवायचा. मॅडम म्हणतात, यानं महिन्यांची मेहनत वाचते. चाचणी संपली की खरं सांगून टाकायचं, एवढा एकच नियम.

पलीकडचा माणूस मी. एकोणीस वर्षांचा आवाज फुकट थोडाच जाणार! ध्वनिमुद्रणाच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत बसले. भिंतींना काळा स्पंज, आवाज तोंडातून निघतो आणि तिथेच मरतो. काकांशी वीस मिनिटं बोलले. सुरुवातीला सपाट बोलत होते, यंत्रासारखी. नंतर विसरून गेले.

शेवटी आम्ही खरं सांगितलं तर काका हसले. “मला ठाऊक होतं. यंत्र श्वास घेत नाही.”

वायरनं ते वहीत लिहून घेतलं.

५ सप्टेंबर

आज दहा मिनिटं माझे नुसते श्वास भरून घेतले. वायर काचेपलीकडून हातानं खुणावत होती, शांत, अजून शांत. स्पंजच्या खोलीत बसून आपलाच श्वास ऐकायचा, दुसरं काही नाही. बाहेर आल्यावर तिनं ते मला ऐकवले. खोलीत मी नव्हते आणि तिथे मी श्वास घेत होते. अंगावर काटा आला. वायर म्हणाली, “मस्त.”

९ सप्टेंबर

गेले चार दिवस सातशे वाक्यं म्हटली. प्रत्येक दोनदा, एकदा ‘तुम्ही’नं आणि एकदा ‘तू’नं, कारण काही म्हाताऱ्यांना अहोजाहो परकं वाटतं असं खडूचं म्हणणं. काका पडदा चाचणीत मला मधेच म्हणाले होते, “जेवलीस का?” त्याचं उत्तर तयार नव्हतं. आज तेही भरलं: “तुमच्या आधी मी कशी जेवेन?” आणि “तुझ्या आधी मी कशी जेवेन?” पहिल्या फटक्यात दोन्ही जमली.

याद्या भरायच्या होत्या. नमुन्यादाखल एक ओळ भरल्याशिवाय वायरचा फॉर्म पुढे सरकेना, आणि आमच्या तिघांचे नंबर तो घेईना, कारण ते चालवणाऱ्यांचे म्हणून आधीच नोंदलेले होते. वायर वैतागली. म्हटलं, “माझ्या आईचा टाक, मागून काढू.” नाव: चाचणी एक. हाक: आई. वेळ आपोआप पाच पडली. फॉर्म पुढे सरकला आणि आम्ही चहाला गेलो.

१५ सप्टेंबर

‘सोबत’ सुरू झाली! अठरा म्हातारी माणसं, रोज अठरा फोन. सातशे वाक्यांतून ती आता स्वतःची वाक्यं जोडते, बोलता बोलता शिकते. घड्याळवाले काका तिला यंत्रबाई म्हणतात. वायर आज तीन वाक्यं सलग बोलली, इतकी खूश आहे.

२१ सप्टेंबर

रविवार. आईला फोन केला, सकाळी नेहमीच्या वेळी, भाजी चिरता चिरता. गुडघा कसा आहे विचारलं तर म्हणाली, “काल सांगितलं की तुला सगळं.” काल कुठे? गेल्या रविवारी सांगितलं असेल. तिला घाई नव्हती, मला होती. तिचा तो बटणांचा फोन एकदा बदलायला हवा. स्क्रीन कधीची गेली आहे, कुणाचा फोन आहे ते दिसत नाही, वाजला की उचलते. जानेवारीपासून म्हणते आहे नवा घेऊन देते.

२७ सप्टेंबर

आज संध्याकाळी वर्गाबाहेरच्या बाकावर बसून निबंध लिहीत होते. शेजारच्या खोलीतून माझा आवाज आला. “आज थकल्यासारखा वाटतोय तुझा आवाज. जरा टेकून बस ना. मला कुठे जायचं नाही.” हे वाक्य मी कधीच भरलेलं नाही. आत वायर फोन तपासत होती, हे मला माहीत होतं, तरी उठून दारातून डोकावून पाहिलंच.

“हे कधी म्हटलं मी?”

“तुम्ही नाही. तिनं जोडलं.”

“कुणाशी बोलत होती?”

“नावं झाकलेली असतात.”

इतकं मऊ मी कुणाशी शेवटचं कधी बोलले, ते घरी येताना आठवत होते. नवऱ्याशी तर नक्कीच नाही.

५ ऑक्टोबर

रविवार. मला सर्दी, नाक बंद. आई आज भलतीच खुशीत. “अगं, तू जेवलीस का?” मी विचारलं तर हसायलाच लागली. “परवा मी तुला विचारलं तर काय म्हणालीस, तुझ्या आधी मी कशी जेवेन! लहानपणी कधी थांबली नाहीस माझ्यासाठी, आता बरं सुचतंय.”

मी असं कधी म्हटलं नाही. म्हणजे यंत्रासाठी म्हटलं, आईला नाही. कदाचित ते वाक्य मूळचं तिचंच असावं, लहानपणी माझ्या कानावर पडलेलं, आणि आता ते तिला माझं वाटतंय. म्हातारपणी आठवणींची अशी अदलाबदल होते, असं गेल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं.

जीव जरा चरकला.

१३ ऑक्टोबर

दादाचा फोन. तो आईपासून दोन तासांवर असतो, महिन्यातून एकदा जातो. म्हणाला, “आईचं काही खरं नाही गं. तू रोज पाचला फोन करतेस म्हणते. पाऊण पाऊण तास.”

“मी? रोज?”

“मला वाटलंच. पाच वाजता फोन कानाला लावून बसलेली पाहिली मी तिला. हसत होती, बोलत होती. माझ्याकडे पाहून बोटानं गप्प बस म्हणाली. मी म्हटलं दे, मीही बोलतो, तर दिला नाही.”

पलीकडे कुणी नसताना फोन कानाला लावून हसणारी माझी आई मला समोर दिसत होती.

२२ ऑक्टोबर

दादा आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तिथूनच मला फोन लावला. “मुलगी रोज पाचला फोन करते असं या सांगतात. खरं आहे?” मागे आईचा आवाज येत होता, “विचारा, विचारा तिला.”

मी खरं तेच सांगितलं. “नाही डॉक्टर, फक्त रविवारी.”

मागचा आवाज थांबला. वार, महिना, शंभरातून सात वजा करत जाणं, हे सगळं तिनं धडाधड सांगितलं म्हणे. पण जे घडतच नाही ते रोज घडतं म्हणणं हे वाईट लक्षण आहे. दादानं एक वृद्धनिवास पाहून ठेवला आहे, स्वच्छ आहे, चोवीस तास माणसं असतात. वीस नोव्हेंबरला जागा रिकामी होते. आईची दोन खोल्यांची जागा मग भाड्यानं द्यायची. ती त्या जागेत चाळीस वर्षं राहते आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिनं स्वतः ठोकलेली फळी आहे, तिच्यावर थर्मामीटरची डबी अजून असते.

मी दादाला हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

३० ऑक्टोबर

प्रकल्पाचं मधलं सादरीकरण. मॅडमनी आमचं काम सगळ्या विभागासमोर उचलून धरलं. पडद्यावर एक ओळ मोठी करून दाखवली. “वापरकर्ती क्रमांक सात. पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस फोन, एकही चुकवलेला नाही. ‘सोबत’नं त्यांना विचारलं, तुम्हाला यात काय आवडतं? त्यांचं उत्तर वाचा.”

पडद्यावर होतं: माझं बोलणं संपेपर्यंत ती थांबते. बाकी मला काही नको.

सभागृहात टाळ्या. मीही वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. शेजारी खडूला म्हटलं, “हिची पोटची पोरं काय करतात कोण जाणे.”

७ नोव्हेंबर

आज काकांकडे गेले होते, यंत्रबाईविषयी चार प्रश्न विचारायला. काकांना हल्ली न्हाणीघरात पाय घसरायची भीती वाटते, ती त्यांनी तिला सांगितली होती.

“तिनं बरोबर धीर दिला हो,” काका म्हणाले. “म्हणाली, मलाही पाण्याची भीती वाटते. लहानपणी गच्चीवरच्या टाकीत डोकावताना पडले होते. आईनं वेणीला धरून बाहेर काढलं. अजून कुणी वेणी ओढली की आधी आई आठवते, म्हणाली. यंत्राला वेणी! मी हसलो, पण बरं वाटलं.”

मी कप खाली ठेवला.

टाकीत मी पडले होते. सात वर्षांची होते. दादाला कळलं तर बाबांना सांगेल म्हणून आईनं आणि मी कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आजपर्यंत सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सातशे वाक्यांत तर नाहीच नाही.

वायरला फोन केला. “तू माझ्या नावानं काहीतरी रचून घातलंस का?” ती म्हणाली, “नाही. लोक जे सांगतात तेच ती शिकते.”

“कुठले लोक?”

“यादीतले.”

भिंतीवरची अकरा घड्याळं अकरा वेळा दाखवत होती. मी एकही नीट वाचू शकले नाही.

८ नोव्हेंबर

सकाळी आठला प्रयोगखोली उघडून घेतली. वायरनं मुकाट्यानं यादी समोर ठेवली आणि झाकलेली नावं उघडी केली. सगळ्यात वरची ओळ.

चाचणी एक. हाक: आई. वेळ: पाच. फोन: चोपन्न. चुकवलेले: शून्य. सरासरी: एक्केचाळीस मिनिटं. सादरीकरणातला क्रमांक: सात.

“काढायची राहिली,” वायर म्हणाली. आणि मग, पहिल्यांदाच, “सॉरी, ताई.” तिला काय बोलणार? आईचा टाक असं मीच म्हटलं होतं. तिची पोटची पोरं काय करतात असंही मीच म्हटलं होतं.

चोपन्न दिवसांचं बोलणं लिहून ठेवलेलं होतं. थोडं वाचलं, सगळं वाचवलं नाही. बाबा गेले त्या रात्री ती वॉर्डात ड्यूटीवर होती आणि तिला तासाभरानं कळलं, हे तिनं यंत्राला सांगितलं आहे. मला आजवर वाटत होतं ती तेव्हा घरी होती. शेवटच्या पानावर निवासाचा विषय निघाला होता. आई म्हणत होती, चाळीस वर्षांची जागा सोडायची म्हणजे छातीत दगड बसल्यासारखं होतं. आणि माझ्या आवाजात उत्तर होतं: “तू कुठेही गेलीस तरी पाचला मी आहेच.”

चार वाजता मी स्वतःच्या हातानं ती ओळ काढली. ‘नक्की काढायची?’ असं त्यानं विचारलं. हो म्हटलं.

पाचला त्या स्पंजच्या खोलीत दार लावून घेतलं आणि आईला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

“आई.”

ती काही बोलली नाही. मीही नाही. तिला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. अर्धं मिनिट गेलं असेल, एक गेलं असेल.

“बावीस,” आई म्हणाली. “आज तू स्वतः आहेस.”

“म्हणजे?”

“अगं, एकतीस वर्षं पेशंटच्या उशाशी बसून श्वास मोजले मी. कान आपोआप मोजतो. पाचला जी येते तिचे मिनिटाला चौदा. काल चौदा, परवा चौदा. तुला सर्दी झाली त्या रविवारी सकाळी चोवीस होते, आणि त्याच दिवशी पाचला पुन्हा चौदा, नाक मोकळं! जिवंत माणसाचे रोज चौदा नसतात, बाळा.”

“कधी कळलं तुला?”

“दुसऱ्या आठवड्यात. आणि श्वासाचं कशाला, माझं बोलणं संपेपर्यंत तू कधी थांबली आहेस का?”

मी रडायला लागले. स्पंजच्या खोलीत रडलेलंही बाहेर जात नाही. म्हटलं, “मग डॉक्टरांना, दादाला का नाही सांगितलंस? तुला वेड लागलंय म्हणत होते सगळे. मीसुद्धा.”

“तूच तिला ठेवलीस असं वाटत होतं, डॉक्टरांसमोर नाही म्हणालीस तेव्हा कळलं, तुलाच ठाऊक नाही. मग सांगितलं असतं तर तू ती बंद केली असतीस.”

“तुझं घर जात होतं, आई!”

“हो ना. पण घर बोलत नाही गं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “बंद केलीस का?”

“केली.”

“मला विचारायचं तरी आधी.”

१० नोव्हेंबर

दादाला सगळं सांगितलं. आधी तो चिडला, मग म्हणाला, “म्हणजे ती ठणठणीत आहे, आणि वेडे आपण.” निवासातली जागा त्यानं नाकारली. डॉक्टरांनाही मीच फोन करून चूक कबूल केली.

मॅडमना सांगितल्यावर वाटलं होतं, अभ्यासक्रमातून काढतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, “वापरकर्तीला विचारून बंद केलंत का?” “नाही,” म्हटलं. आईनं आणि मॅडमनी एकमेकींना पाहिलेलंही नाही.

आईला शब्द दिला आहे: रोज पाचला मी. मी स्वतः.

२३ नोव्हेंबर

पंधरा दिवस झाले, एकही फोन चुकला नाही. पहिले चार दिवस अवघड गेले. मी मधेच बोलायचे, ती थांबायची, दोघी एकदम सुरू व्हायचो. आता जमतंय. काल पस्तीस मिनिटं झाली. बाबांच्या त्या रात्रीबद्दल मी विचारलं, तर म्हणाली, “ते मी तिला सांगितलंय.” तिच्याकडून घे, अशा सुरात! मी हट्टानं पुन्हा सांगायला लावलं. यंत्राला सांगितलं त्यापेक्षा मला कमी सांगितलं.

नवा फोन घेऊन पाठवला. आता नंबर दिसतो, पण आई चष्मा लावून पाहत बसणारी नव्हे.

४ डिसेंबर

प्रकल्पाचं अंतिम सादरीकरण. दुपारी तीनला आमचा नंबर होता, तो साडेपाचला आला. फोन मॅडमच्या टेबलावर, सगळ्यांचेच काढून घेतले होते. आम्ही चाचणी एकची चूक स्वतःच मांडली, सभागृहात चांगलीच खळबळ झाली, गटाला पहिला क्रमांक मिळाला. बाहेर येऊन घड्याळ पाहिलं तेव्हा सात वाजून दहा मिनिटं.

धावत जिन्यात जाऊन फोन लावला. “आई, माफ कर, अडकले गं, पाच चुकले.”

“पुन्हा काय?” आई म्हणाली. “आत्ताच तर बोललो आपण. पहिला नंबर आला ते सांगितलंस की.”

पहिला नंबर आला तेव्हा सात वाजत आले होते.

“आई, खरं सांग. चेष्टा करतेस?”

“या वयात कसली चेष्टा? पाचला फोन आला, चांगला तासभर बोललीस.”

“श्वास किती होते?”

ती थांबली. मला वाटलं आठवते आहे. “बावीस,” म्हणाली. “म्हणून तर मला वाटलं तूच.”

५ डिसेंबर

वायर सकाळपासून शोधते आहे. ती ओळ यादीत नाही. तो नंबर कुठेच नाही. गेल्या महिनाभरात तिथून आईला एकही फोन गेलेला नाही. वायर म्हणाली, “असं होऊ शकत नाही.” मग म्हणाली, “ताई, आई म्हातारी आहे तुमची.”

दादालाही हेच वाटेल, आणि तो निवासाला पुन्हा फोन करेल. त्याला सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. पाण्याच्या टाकीसारखं.

पाचला पाच कमी असताना फोन लावला.

“आज लवकर?” आई म्हणाली.

“हो. आजपासून लवकरच.”

तिनं शेजारणीच्या नातवाचं सांगायला घेतलं, तो कसा जिन्यावरून घसरला आणि रडायच्या आधी आजूबाजूला कुणी पाहतंय का ते कसं पाहिलं. मी हसले. समोरच्या घड्याळाकडे माझं लक्ष होतं. काटा बारावर आला तेव्हा तिच्या बाजूनं टुंग, टुंग असा आवाज यायला लागला.

“अगं, कुणाचा तरी दुसरा फोन येतोय,” आई म्हणाली. “घेऊ का?”

“नको,” मी म्हटलं. “वाजू दे. तू बोल, मी थांबलेय.”